चार चाकांचं फाटक

मोटरसायकलवाल्यांच्या मेळाव्याला मोटरगाडीने जावं की नाही, या प्रश्नावर टिटवी मंडळात जेवढी वादावादी झाली तेवढी आरोयो मान्सोच्या नगरपालिकेत सांडपाण्यावरही झाली नसेल. सांडपाणी अजून तसंच वाहतंय. मंडळाचा प्रश्न मात्र एकदाचा निकालात निघाला होता. ठराव असा, की सान्ता एउलालिया गावात मंडळ भरवतं त्या वार्षिक मेळाव्याला जो दोन चाकांवर येईल तो पहिल्या फाटकातून आत येईल. जो चार चाकांवर येईल तो दुसऱ्या फाटकातून, तिकीट काढून, 'पब्लिक' म्हणून येईल आणि तारेच्या कुंपणापलीकडच्या रानात आपली गाडी लावून गप्प बसेल.

हा ठराव मंजूर व्हावा म्हणून सगळ्यात जास्त घसा कोरडा केला होता तो ओस्मार बिस्कार्दीने. ओस्मार म्हणजे धान्य सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला गृहस्थ. आयुष्यभर ट्रक तोलल्यामुळे सगळ्या जगाचं वजन आपल्याला बसल्या जागी कळतं, असा त्याचा समज होता. "मोटरसायकलच्या मेळाव्याला गाडीने येणारा माणूस," टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला होता, "म्हणजे पोहण्याच्या शर्यतीत होडीत बसून उतरलेला माणूस!" टाळ्या पडल्या. शेवटी त्याच्या बायकोने, निल्दाने, बाही ओढून त्याला खाली बसवलं, कारण जेवण गार होत होतं.

यंदा फेब्रुवारीत ओस्मारच्या कमरेतली नस आखडली. वाकून बूट घालायला गेला आणि तसाच राहिला. डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि जीभ टाळ्याला लावून चक्-चक् केलं.

"मोटरसायकल चालवता?"

"पस्तीस वर्षं."

"आता दहा मिनिटं चालवा. त्याच्या वर बसलात तर उतरवून घ्यायला चार माणसं बरोबर ठेवा."

सान्ता एउलालिया सरळ रस्त्याने साडेतीन तासांवर. वाटेत एक वळण नाही, एक चढ नाही, नुसती दोन्ही बाजूंना गाईगुरं आणि मध्ये डांबर. एवढा वेळ मोटरसायकलवर बसणं आता स्वप्नातही शक्य नव्हतं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, राहू दे यंदा. पण ओस्मारला जायचंच होतं, आणि त्याचं कारण त्याने कोणाला सांगितलं नसलं तरी आपण सांगायला हरकत नाही.

निल्दा घरी नव्हती. मुलगी वानिना नवऱ्याबरोबर स्पेनला, वालेन्सियाला जाऊन राहिलेली. तिला बाळ झालं तेव्हा निल्दा तीन महिन्यांसाठी गेली. तीन महिन्यांचे सहा झाले, कारण बाळाला दात येत होते. दात आले, मग बाळ चालायला लागलं, आणि चालणाऱ्या बाळामागे कोणीतरी धावायला नको का? भांडण झालं नाही, पत्र आलं नाही, कोणी काही बोललं नाही. नुसत्या तारखा पुढे जात राहिल्या. ओस्मार सकाळी 'माते' नावाच्या पाल्याचा कडू काढा करायचा, नळीने एकटाच ओढत बसायचा, आणि दुपारी मुद्दाम पावाच्या दुकानात जायचा, कारण तिथे कोणीतरी "पुढचा!" असं तरी म्हणायचं. घरात त्याला त्याच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मेळाव्यात मात्र अशी रीत होती, की पहिल्या फाटकातून मोटरसायकल आत शिरली की कर्ण्यावरून चालवणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारायचं, आणि मैदानात उभ्या असलेल्या सगळ्या मोटरसायकलींनी एकदम गुरगुरून त्याला आत घ्यायचं. एकदा ते नाव ऐकायचं, एवढंच ओस्मारला हवं होतं. वर्षातून एकदा. फार नव्हतं हो मागणं.

कंबर आखडल्याची बातमी गल्लीत पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुंपणापलीकडच्या शेजारणीने, दोन्या पिरुचाने, घोरपडीच्या चरबीची बाटली आणून दिली. "रात्री चोळा, सकाळी चोळा, आणि दोन्ही वेळा उन्हात बसा," ती म्हणाली. "माझा मेहुणा खुर्चीला खिळला होता. आता नाचतो." ओस्मारने चोळली. कंबर होती तशीच राहिली, पण तो पावाच्या दुकानात गेला की रांगेतली माणसं आपण होऊन त्याला पुढे जाऊ देऊ लागली, आणि "पुढचा!" असं म्हणायचीही गरज उरली नाही.

खरा सल्लागार म्हणजे समोरचा ग्रिमाल्दी. टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात त्याची हयात गेली होती, आणि एवढ्या उंचीवरून पाहिल्यामुळे दुसऱ्यांच्या अडचणी त्याला अगदी सोप्या दिसत.

"अरे ओस्मार, मोटरसायकल गाडीला जोडून ने."

"गाडीने? मी?"

"ऐकून तर घे! फाटकाच्या एक किलोमीटर अलीकडे निलगिरीची राई आहे की नाही? आहे. तिथे थांबायचं. मोटरसायकल उतरवायची, तिच्यावर बसायचं आणि ऐटीत आत जायचं. दहा मिनिटं बसायला डॉक्टरची परवानगी आहे ना? तुला लागतील दोन."

"आणि वाटेत कोणी पाहिलं तर? उघड्या ट्रेलरवर लाल मोटरसायकल म्हणजे—"

"उघडा कोण म्हणतंय? माझ्या साडूकडे घोड्याचा ट्रेलर आहे. चारी बाजूंनी बंद. आत राष्ट्राध्यक्ष बसवून नेलास तरी कळायचं नाही."

ओस्मार दोन दिवस विचार करत राहिला. तत्त्व मोडत होतं का? मोडत नव्हतं, असा निर्वाळा त्याने स्वतःला दिला. ठरावात 'येणे' असा शब्द होता, 'निघणे' असा नव्हता. माणूस फाटकातून कशावर बसून आत येतो त्याला महत्त्व. वाटेत त्याने काय केलं ते खाजगी. वजनकाट्यावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने असली पळवाट स्वतःच्या बाबतीत चालवून घेतली, यावरून त्याची परिस्थिती ओळखावी.

ट्रेलर आला. मग कळलं की तो रस्त्यावर न्यायला परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईने कागद उलटासुलटा केला.

"हा जनावरांच्या वाहतुकीचा ट्रेलर आहे. जनावर कोणतं?"

"जनावर नाही. मोटरसायकल न्यायची आहे."

"मोटरसायकल हे जनावर आहे का?"

"नाही."

"मग यातून नेता येणार नाही."

"बरं, मग रिकामा नेतो असं समजा."

"रिकामा कशाला न्याल?"

ओस्मार समजावून सांगायला खिडकीत आणखी पुढे वाकला. शेवटी घोरपडीच्या चरबीने काम केलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला, घाईघाईने 'जनावराशिवाय' असा शिक्का मारला आणि खिडकी बंद केली.

शनिवारी अकराच्या सुमारास ग्रिमाल्दीने मोटरसायकल आत चढवली. खाली घोड्यांचं गवत तसंच ठेवलं, म्हणजे चाकं घसरणार नाहीत. दोन्या पिरुचाने ओरखडे पडू नयेत म्हणून एक तपकिरी घोंगडी दिली. दोरांच्या ऐवजी ट्रेलरात पडलेले लगाम वापरून ग्रिमाल्दीने दोन्ही बाजूंना अशा गाठी मारल्या, की त्या बघून एखाद्या बोटीवरच्या खलाशालाही हेवा वाटावा. "हलली तर माझं नाव बदल," तो म्हणाला. ओस्मारने अंगात मंडळाचं चामडी जाकीट चढवलं, पाठीवर टिटवी आणि छातीवर सोळा मेळाव्यांचे सोळा बिल्ले, आणि तसाच गाडीत बसला. शिरस्त्राण शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. निघताना हात करायला ग्रिमाल्दी होता, दोन्या पिरुचा होती. निल्दा असती तर तिने डब्यात बटाट्याचं आमलेट दिलं असतं. त्याऐवजी त्याने दुकानातली पेरूच्या मुरंब्याची रोटी घेतली होती आणि ती पहिल्या तासातच संपवली.

दोन तास सगळं सुरळीत गेलं, आणि मग चौफुलीवर पोलिसांनी हात केला.

"नमस्कार, आजोबा. घोड्याचे कागद."

आजोबा! ओस्मारचे केस काळे होते. मिशा काळ्या होत्या. त्या काळ्या राहाव्यात म्हणून तो दर पंधरवड्याला न्हाणीघर आतून बंद करून बसायचा. तरी त्याने राग गिळला.

"घोडा नाही, साहेब. हा बघा शिक्का. जनावराशिवाय."

हवालदाराने शिक्का वाचला, हवेत नाक फिरवून वास घेतला आणि ओस्मारकडे संशयाने पाहिलं. "वास तर जनावराचा येतोय."

"तो माझा वास आहे."

हवालदार मागे गेला, ट्रेलरची वरची झडप उघडून आत डोकावला. गवत. लगाम. तपकिरी घोंगडीखाली काहीतरी मोठं, गप्प उभं.

"हे काय आहे?"

"मोटरसायकल."

"मोटरसायकलला लगाम?"

"ग्रिमाल्दीने बांधलेत," ओस्मार म्हणाला, जणू काही सगळा प्रांत ग्रिमाल्दीला ओळखत होता.

हवालदाराने घोंगडीचं टोक उचललं. लाल टाकी दिसली, चकाकणारा दिवा दिसला. त्याने पुन्हा ओस्मारच्या जाकिटाकडे पाहिलं. "चालू आहे ना ही? मग बसून का जात नाही?"

ओस्मार काही बोलणार, एवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. एकदोन नव्हे, आठदहा मोटरसायकलींचा. टिटवी मंडळच! पुढे अध्यक्ष चिचे लारोका, बेंबीपर्यंत दाढी आणि मोटरसायकलपेक्षा मोठं पोट. त्याच्या शेजारी जनावरांची डॉक्टरीण एल्विरा. चौफुलीवर सगळे हळू झाले, आणि चिचेने पाय टेकले.

"आयला, ओस्मार? गाडीत?"

ओस्मारच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो. ओस्मारच्या हाताला घोडा आला.

"घोडा!" तो ओरडला. "घोडा पोचवायचाय! सान्ता एउलालियाला. पुतण्याचा आहे. मोटरसायकल मागून येतेय."

"मागून कोण आणतंय?"

"पुतण्याच."

"मग घोडा पुतण्याने आणायचा, मोटरसायकल तू—"

"त्याला घोड्याची भीती वाटते," ओस्मार म्हणाला.

चिचेने दाढी खाजवली. झडपेपाशी उभ्या हवालदाराचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. "काय हो आजोबा, आत्ता तर म्हणालात की—"

ओस्मारने त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं कोण जाणे. हवालदाराची नजर जाकिटावरून ट्रेलरकडे, ट्रेलरकडून मोटरसायकलवाल्यांकडे आणि तिथून परत त्या काळ्या मिशांकडे आली. त्याने झडप सावकाश लावली.

"घोड्याचे कागद ठीक आहेत," तो मोठ्याने म्हणाला. "शांत जनावर आहे."

"नाव काय त्याचं?" एल्विराने विचारलं.

"पेरू," ओस्मार म्हणाला. रोटीची चव अजून तोंडात होती.

"इतक्या उन्हात बंद ट्रेलरात! बिचारा. तिथे आलास की मी तपासते त्याला. चिचे, फाटकावर सांगून ठेव, बादलीभर पाणी ठेवा म्हणावं, आणि गाजरं."

"कशाला, कशाला..." ओस्मार म्हणत होता, पण टिटव्या उडून गेल्या होत्या. हवालदार वाकून खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, सांभाळून जा. कमरेचं दुखणं आहे ना? माझ्या वडिलांना पण होतं." आता त्याच्यावर चिडताही येईना.

निलगिरीची राई आली तेव्हा दुपार कलली होती. वारा मैदानाकडून वाहत होता आणि कर्ण्यावरची नावं तुटक तुटक ऐकू येत होती. कोणी मार देल सूरचा, कोणी थेट मेंदोसाहून आलेला. प्रत्येक नावामागून मोटरसायकलींची गुरगुर. ओस्मारने ट्रेलरचा मागचा दरवाजा पाडला, आत शिरला आणि घोंगडी काढली. मग उजवीकडची गाठ सोडायला घेतली. ग्रिमाल्दीची गाठ सुटायला बराच वेळ लागला, पण सुटली, आणि सुटल्याबरोबर मोटरसायकल त्याच्या अंगावर कलली.

त्याने तिला दोन्ही हातांनी धरलं. आता डावीकडची गाठ सोडायची. ती पलीकडच्या बाजूला होती. तिथे पोचायचं तर मोटरसायकल सोडायला हवी, आणि सोडली तर ती पडणार. एका माणसाने धरायचं आणि दुसऱ्याने सोडायचं, असं ते काम होतं. ग्रिमाल्दीने सगळा विचार केला होता, पण उतरवताना दुसरा माणूस कुठून येणार याचा विचार दोघांपैकी कोणीच केला नव्हता. एवढ्या वर्षांत दुसरा माणूस शोधायची वेळच आली नव्हती. तो मागच्या सीटवर बसलेला असायचा.

ओस्मार तसाच, घोड्यांच्या गवतात, मोटरसायकलला मिठी मारून उभा राहिला. कंबर पेटली होती. आणि खिशातला फोन वाजला.

हनुवटी आणि खांदा यांत कसाबसा फोन धरून तो म्हणाला, "हॅलो?"

"हळू बोल," निल्दा कुजबुजली. "बाळ आत्ता झोपलंय."

वालेन्सियातलं बाळ उठू नये म्हणून ओस्मार त्या निर्मनुष्य राईत कुजबुजायला लागला. "कशी आहेस?"

"बरी. तू कुठे आहेस? आवाज घुमतोय."

"घरीच आहे."

"मेळाव्याला नाही गेलास?"

"कंटाळा आला."

"बरं केलंस. एकट्याने कशाला एवढ्या लांब." मग थोडं थांबून ती म्हणाली, "ओस्मार, वानिना परत कामाला लागतेय. पाळणाघरात जागा मिळत नाहीये. म्हणून मी म्हटलं, हा हिवाळा तरी..."

"हो, हो. हिवाळाच ना."

"इकडचा हिवाळा रे. आपल्यासारखा जूनमधला नाही, डिसेंबर वगैरे."

"हो. ठीक आहे."

"जेवतोस ना नीट?"

"आज पेरूची रोटी खाल्ली."

"उठलं वाटतं," निल्दा म्हणाली, आणि फोन बंद झाला.

फोन खिशात टाकून त्याने खांद्याने रेटून मोटरसायकल परत भिंतीला टेकवली, लगाम जसा जमेल तसा बांधला आणि घोंगडी पुन्हा वरून घातली. घरी परत जावं असं त्याच्या फार मनात आलं. पण घरी जाऊन काय करायचं? त्याने गाडी सुरू केली आणि राईतून बाहेर काढून सरळ पहिल्या फाटकावर नेली. पुढे काय बोलायचं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

फाटकावर यामिला नावाची मंडळाची नवी सभासद होती, तिशीतली, उत्साही. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ट्रेलर बघून तिचा चेहरा उजळला. तिच्या पायाशी पाण्याची बादली होती आणि गाजरांची जुडी.

"तुम्ही ओस्मार ना? घोडेवाले? या, या! सगळे वाट बघतायत."

"पण ही गाडी आहे," ओस्मार म्हणाला.

"माहीत आहे! त्यावरून इथे चांगला तासभर वाद झाला. चिचे म्हणाला, नियम म्हणजे नियम, चार चाकं आत नाहीत. मग एल्विराताई म्हणाल्या, मुक्या जनावराला उन्हात ठेवणार का? मग मतदान झालं. ठरलं की ट्रेलरमध्ये घोडा असेल तर ती गाडी धरायची नाही, ते घोड्याचं साधन. खास बाब म्हणून पहिल्या फाटकातून सोडायचं. कर्ण्यावर नावपण पुकारणार आहेत, तुमचं आणि पेरूचं!"

ओस्मारने स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. फाटक सताड उघडं होतं. आत धुळीत ओळीने उभ्या मोटरसायकली दिसत होत्या, निखाऱ्यांवर भाजणाऱ्या मांसाचा धूर दिसत होता, आणि खांबावरचा कर्णा दिसत होता. फक्त मान हलवायची होती. एल्विरा येऊन झडप उघडेपर्यंत तरी नाव पुकारलं गेलं असतं. पण त्याच दिवशी तो बायकोला 'घरीच आहे' म्हणाला होता, आणि आता इथे घोडा आहे म्हणायचं. म्हणजे कोणाच्याच हिशेबात तो खरा कुठे नव्हताच. त्या विचाराने त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की पुढचं वाक्य आपसूक तोंडातून बाहेर पडलं.

"घोडा नाहीये, पोरी. आत मोटरसायकल आहे. माझीच. कंबर चालत नाही म्हणून मी गाडीने आलो."

यामिलाने झडपेतून आत पाहिलं आणि ती खरोखर हळहळली. "अरेरे! काय सुंदर आहे हो!" मग फाटकाच्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "पण मोटरसायकल असेल तर मग... माफ करा हं. घोडा असता तर सोडलं असतं."

"बरोबर आहे," ओस्मार म्हणाला. नियम पाळल्याबद्दल तिला नावं ठेवायला त्याला जागाच नव्हती.

"दुसरं फाटक तिकडून, कुंपणाच्या कडेने. आणि ही गाजरं तुम्हीच घेऊन जा. इथे कोण खाणार?"

गाजरं मांडीवर घेऊन ओस्मार कुंपणाच्या कडेने निघाला. दुसऱ्या फाटकावर त्याला एका पोत्यावर बसलेल्या माणसाने तिकीट दिलं आणि मनगटाला कागदी पट्टी चिकटवली. सोळा मेळावे केलेल्या मनगटाला! रानात गावकऱ्यांच्या गाड्या होत्या, फुगे होते, आइस्क्रीमवाला होता. ओस्मारला कोणाच्या नजरेला पडायचं नव्हतं, म्हणून तो गाडी हाकत अगदी टोकाला, तारेच्या कुंपणाला लागून, जिथे पाच-सहा जुन्या गाड्या एका रांगेत उभ्या होत्या तिथे घेऊन गेला. कंबर धरून हळूहळू बाहेर पडला.

गाड्यांपुढे घडीच्या खुर्च्या मांडून काही म्हातारी माणसं कुंपणाकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांच्या पाठीवर टिटवी होती.

"या, बिस्कार्दी," त्यांतला एक न वळता म्हणाला. "आवाजावरून वाटलंच. ही गाडी अशीच खोकते, आरोयो मान्सोत ऐकलीय मी."

तो फाउस्तो होता. फाउस्तो, जो एके काळी पाऊस असो वारा असो, सगळ्यांच्या पुढे असायचा. हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यावर तो दिसेनासा झाला होता, आणि ओस्मारने धरून चालला होता की एकतर तो मेला किंवा त्याचा उत्साह मेला. त्याच्या शेजारी देलिया बसली होती, जिचे गुडघे बदलले होते. पलीकडे दोघं आणखी, एक काठीवाला, एक काळ्या चष्म्यातला.

"तुम्ही... येता?" ओस्मारने विचारलं.

"दर वर्षी," देलिया म्हणाली. "जाणार कुठे?"

"मला कधी दिसला नाहीत."

"तू पहिल्या फाटकाने येतोस ना," फाउस्तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने पायाने एक रिकामी खुर्ची पुढे सरकवली. "बैस. पण हळू बैस, नाहीतर तुला उठवायला इथे कोणाच्यात ताकद नाही."

ओस्मार बसला. गाजरं मध्ये ठेवली. काठीवाल्याने एक उचलून बाहीला पुसलं आणि कुरकुर खायला लागला, जणू मेळाव्यात गाजरं खायचीच असतात.

"ट्रेलरमध्ये काय आहे?" देलियाने विचारलं.

"मोटरसायकल."

"सोबतीला आणलीस?"

"हो. सोबतीला."

"आणि निल्दा?"

हा प्रश्न पावाच्या दुकानात, गल्लीत, औषधाच्या दुकानात त्याला कितीदा विचारला गेला होता, आणि प्रत्येक वेळी त्याने "येतेय, पुढच्या महिन्यात" असं ठरलेलं उत्तर दिलं होतं. आता तेच उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

"स्पेनला आहे. लेकीकडे," तो म्हणाला. "ती आता परत यायची नाही असं मला वाटतं."

दोन्या पिरुचा असती तर तिने काहीतरी चोळायला दिलं असतं. ग्रिमाल्दीने बोटीचं तिकीट काढून दिलं असतं. इथे कोणी काहीच सुचवलं नाही. देलियाने मातेच्या काढ्याच्या भांड्यात गरम पाणी ओतलं आणि नळी त्याच्या बाजूला करून ते त्याच्या हातात दिलं. त्याने सगळं ओढून संपवलं. कढत होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं.

पलीकडे कर्ण्यावर कोणाचंतरी नाव पुकारलं गेलं, कोर्दोबाचा कोणी. मैदानातल्या मोटरसायकली गुरगुरल्या. त्याबरोबर फाउस्तो उठून आपल्या गाडीपर्यंत गेला, खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला. देलियाने तिचा दाबला. काळ्या चष्म्यातल्याने चाचपडत त्याचा दाबला. मग सगळे परत येऊन बसले.

ओस्मार बघत राहिला. हे हॉर्न त्याने दर वर्षी आतून ऐकले होते. पब्लिकला काही शिस्तच नाही, असं तो दर वर्षी चिचेला म्हणत आला होता.

"आमच्याकडे गुरगुरायला दुसरं काही नाही ना," फाउस्तो म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारला. "अरे हो, तुझं राहिलंच की!"

तो परत उठला. देलिया गुडघे सावरत उठली. काठीवाल्याने गाजर तोंडात धरलं आणि तोही उठला. फाउस्तोने दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि शस्त्रक्रिया झालेल्या छातीतून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडला, "ओस्मार बिस्कार्दी! आरोयो मान्सो!"

आणि त्या सगळ्या जुन्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. एक घोगरा, एक चिरका, एक मध्येच बंद पडून पुन्हा लागणारा. ते थांबेनात. आइस्क्रीमवाला वळून बघायला लागला. गावकऱ्यांची पोरं कानांवर हात ठेवून हसायला लागली. कुंपणापलीकडे चिचेने मान उंचावून इकडे पाहिलं, पण ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं.

खांबावरचा कर्णा खरखरला.

"पब्लिकला विनंती आहे," त्यातून त्रासलेला आवाज आला, "कृपया विनाकारण हॉर्न वाजवू नयेत."

ओस्मारने डोळे पुसले, दोन्ही हातांनी खुर्चीला रेटा देऊन उभा राहिला, आपल्या गाडीशी गेला आणि चांगला लांबलचक हॉर्न वाजवला.